हिशेबाची वही: ऑनलाइन की संगणकात?

सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब कुठे ठेवावा, गूगल शीट्समध्ये की संगणकातल्या एक्सेलमध्ये?

सचिव आणि खजिनदार दोघेही नोंदी करणार असतील, तर ऑनलाइन शीट सोयीची. एकाने भरलेला आकडा दुसऱ्याला लगेच दिसतो. चुकून पुसला गेला, तरी जुनी आवृत्ती परत आणता येते. मात्र एका फाइलला मर्यादा 1 कोटी सेलची.

नेट सतत दगा देत असेल किंवा नोंदी लाखांत असतील, तर एक्सेल बरं. त्याच्या एका शीटवर 10,48,576 ओळी मावतात. पैसे मोजायचे नसतील, तर लिबरऑफिस कॅल्क मोफत आहे.

शेवटी एवढंच: संगणकातल्या फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा, आणि ऑनलाइन शीटची लिंक सगळ्यांना खुली ठेवू नका.