तरुण कर्जदार आणि नादारीचा अर्ज
(ग्रामसेवक, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोरील भाषणाचा मजकूर)

‘दिवाळे निघाले’ हे शब्द आपल्या समाजात टिंगलीने किंवा कुजबुजीने उच्चारले जातात. कायद्याने त्याच अवस्थेला ‘नादारी’ हे नाव दिले आहे. नादारी हा गुन्हा नाही आणि कर्जातून सुटण्याचा जादूचा मंत्रही नाही. तो एक कायदेशीर उपाय आहे व त्याला किंमत मोजावी लागते.

समजा, चोवीस वर्षांच्या एका तरुणाने तालुक्याच्या गावी बँकेच्या कर्जातून दुरुस्तीचे दुकान थाटले. मामा जामीन राहिले. धंदा बसला. हप्ते भागविण्यासाठी त्याने प्रथम मोबाइलवरील ॲपमधून आणि नंतर सावकाराकडून पैसे उचलले. आज देणे चार लाखांचे आहे आणि नोकरीचा पगार बारा हजारांचा. असा तरुण वकिलाकडे जाण्यापूर्वी बहुधा आपल्या जुन्या गुरुजींकडे किंवा पंचायतीच्या सदस्याकडे येतो. म्हणून या विषयाची माहिती त्यांना असणे अगत्याचे आहे.

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता अंमलात आला. इतर व्यक्तींसाठी मुंबईत १९०९ चा व उर्वरित महाराष्ट्रात १९२० चा अधिनियम लागू आहे. १९२० च्या अधिनियमाखाली पाचशे रुपयांचे देणे फेडण्यास असमर्थ असलेला कर्जदारही न्यायालयात अर्ज करू शकतो. मात्र अर्ज करता येतो, एवढ्यावरून तो करावाच असे ठरत नाही.

नादार ठरल्यावर मालमत्ता न्यायालयाच्या किंवा प्रापकाच्या ताब्यात जाते. कारागिराची हत्यारे, स्वयंपाकाची भांडी, अंगावरचे कपडे यांना मात्र जप्तीपासून संरक्षण आहे. अटकेपासून संरक्षण मागता येते. पुढे न्यायालयाने मुक्तता दिली की बहुतेक देणी संपतात. परंतु सरकारी देणे आणि लबाडीने घेतलेले कर्ज संपत नाही. उधळपट्टी, जुगार किंवा बेफिकीर सट्टा यांमुळे नादारी ओढवली असेल, तर न्यायालय पूर्ण मुक्तता नाकारते. मुक्तता मिळेपर्यंत आपली नादारी लपवून पन्नास रुपये वा अधिक उधार घेणे हा गुन्हा आहे. शिवाय अशा व्यक्तीस ग्रामपंचायतीपासून संसदेपर्यंत सदस्य होता येत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, कर्जदाराची मुक्तता झाली तरी जामीनदार सुटत नाही. भाचा मोकळा होईल आणि बँक मामांच्या दारात उभी राहील. म्हणून हा निर्णय एकट्याने, मामांना न सांगता घेणे योग्य नव्हे.

यास्तव प्रथम हिशेब मांडावा. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार सामान्य हुकूमनाम्यासाठी पगारातील पहिले हजार रुपये व उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश जप्त होत नाहीत. म्हणजे बारा हजारांच्या पगारातून दरमहा सुमारे ३,६६७ रुपयेच जप्तीस पात्र ठरतात. तेवढीच रक्कम त्याने आपणहून भरली, तरी चार लाखांचे मुद्दलच फिटण्यास नऊ वर्षांहून अधिक काळ लागेल. मात्र चार लाख हा आकडा खरा आहे काय, हे आधी तपासावे. सावकाराकडे परवाना नसेल, तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमानुसार न्यायालय त्याच्या बाजूने हुकूमनामा देत नाही. परवानाधारक सावकारालाही मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते. बँकेशी हप्ते वाढवून घेण्याची बोलणी करता येतात, लोकअदालतीत तडजोड होऊ शकते आणि पात्र व्यक्तीस जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

एवढे करूनही वर्षानुवर्षे फिटणार नाही असे खरे देणे उरले, कर्ज प्रामाणिकपणे घेतलेले असले आणि जामीनदाराशी मोकळेपणाने बोलणे झाले असले, तर नादारीचा अर्ज करण्यात लाज मानण्याचे कारण नाही. यांपैकी एक जरी गोष्ट राहिली असेल, तर थांबावे.

अब्रूच्या भीतीने तरुण गाव सोडतो, नवे कर्ज काढतो किंवा त्याहूनही भयंकर विचार मनात आणतो. त्याच्या दारात वसुलीचा माणूस येण्याआधी गुरुजींनी किंवा सदस्यांनी त्याला जवळ बसवून कागद-पेन्सिल हाती द्यावी. अर्ज करायचा की नाही, हे त्या कागदावरील आकड्यांवरून ठरेल.