पाहुणचाराचं शिक्षण



आज मला शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या मुलामुलींशी बोलायचं आहे, आणि त्यांच्याइतकंच त्यांच्या आईवडिलांशी. विषय आहे हॉटेल मॅनेजमेंटचं शिक्षण आणि त्यातून मिळणारी कामं. घरात हे नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘म्हणजे शिकून वेटरच होणार ना?’ हा प्रश्न रागावण्यासारखा नाही. आपल्याकडे हॉटेल म्हणजे महामार्गावरचा ढाबा, नाहीतर एसटी स्टँडसमोरचं उपाहारगृह, आणि तिथे कपबशा विसळणारा पोरगा आपण रोज बघतो. पण या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं तर आधी आपल्याच तालुक्यात काय चाललं आहे ते बघायला हवं.

पावसाळा लागला की शनिवार-रविवारी माळशेज घाटाकडे निघालेल्या गाड्या मुरबाड, सरळगाव, टोकावडे ओलांडत जातात. गोरखगड, सिद्धगड, नाणेघाट करणारी मंडळी रात्री-अपरात्री येऊन उतरतात. तिकडे आसनगावला माहुलीसाठी पहाटेच्या लोकलने तरुणांचे घोळके येतात. 5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि शहापूर तालुका थेट नागपूरच्या रस्त्यावर आला. फार्महाऊस, रिसॉर्ट, लग्नाचे लॉन यांच्या पाट्या आता जागोजागी दिसतात. म्हणजे पाहुणा तर आलेलाच आहे. पण त्या रिसॉर्टमध्ये आपल्या गावचा मुलगा कुठल्या कामावर आहे? बहुतेक ठिकाणी वॉचमन, नाहीतर माळी. गावची बाई असलीच तर भांड्यांना. मॅनेजर बाहेरचा, शेफ बाहेरचा, रिसेप्शनवरची मुलगी ठाण्या-कल्याणची. ज्याच्या बापाची जमीन कुंपणाच्या आत गेली, तो गेटवर उभा राहून गाड्यांचे नंबर लिहून घेतो. मला हे फार खुपतं. वॉचमनच्या कामात कमीपणा आहे म्हणून नव्हे, तर आतल्या खुर्चीपर्यंत नेणारं शिक्षण लोकलच्या अंतरावर असताना त्या मुलाला ते कुणी सांगितलंच नाही म्हणून.

लोकलच्या अंतरावर म्हणजे दादरला. देशातली हॉटेल मॅनेजमेंटची पहिली संस्था मुंबईतच निघाली, 1954 साली, आणि ती काढली बायकांनी. लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने ती सुरू केली. आजही तिच्या पूर्ण नावात हॉटेल मॅनेजमेंट आणि केटरिंगच्या जोडीला पोषणशास्त्र आहे. देश अन्नटंचाईतून जात होता, तेव्हा माणसांना नीट खाऊ घालायचं शास्त्र शिकवावं असं त्या बायकांना वाटलं. मुलीला या शिक्षणाला कसं पाठवायचं असं विचारणाऱ्या आईवडिलांना मी आधी हे सांगतो.

आता तिथे शिकवतात काय, ते सांगतो. विभाग मुख्य चार: स्वयंपाकघर, वाढप, फ्रंट ऑफिस आणि हाऊसकीपिंग. स्वयंपाकघरात पहिल्या वर्षी मुलं कांदे-गाजरं चिरून चिरून कंटाळतात. सगळे तुकडे एका मापाचे यावे लागतात, कारण लहानमोठे तुकडे एका भांड्यात सारखे शिजत नाहीत. पण त्याहून मोलाची गोष्ट आहे ती तापमानाची. शिजलेलं अन्न 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मध्ये फार वेळ राहिलं की त्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. आपल्याकडचं हळदीचं जेवण आठवा. भात सकाळी उतरवलेला असतो, पंगती दुपारी तीनपर्यंत चालतात, तोवर टोपातला भात कोमट होऊन बसतो आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या गावाचं पोट बिघडतं. शिकलेला मुलगा टोपात थर्मामीटर घालून बघतो. गरम जिन्नस साठच्या वर ठेवतो, थंड पाचच्या खाली. उरलेलं अन्न मोठ्या टोपात तसंच झाकून न ठेवता पसरट भांड्यांत काढून लवकर गार करतो.

हाऊसकीपिंगला आपण झाडू-पोछा समजतो. तिथे चादरीचा कोपरा पंचेचाळीस अंशांत दुमडून गादीखाली असा खोचतात, की पाहुणा रात्रभर कूस बदलत राहिला तरी चादर निघत नाही. बाथरूमचं फडकं वेगळं, टेबलाचं वेगळं, पेले पुसायचं वेगळं, आणि ती चुकून एक होऊ नयेत म्हणून प्रत्येकाचा रंग ठरलेला. कुठल्या डागावर कुठलं रसायन, लिनन किती धुण्यांनंतर बाद करायचं, एका माणसाने एका पाळीत किती खोल्या करायच्या, या सगळ्याचा हिशेब असतो.

हिशेबाचंच बोलायचं तर, गावाकडच्या घरगुती व्यवसायात सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. चुलीवरचं चिकन आणि तांदळाची भाकरी शहरच्या पाहुण्याला देताना आपण कोंबडी, तेल, मसाला एवढंच धरतो, वर पन्नास रुपये चढवतो आणि नफा झाला असं समजतो. धंद्यात कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या किमतीच्या साधारण तिसऱ्या हिश्शात बसवायचा असतो. म्हणजे ताटाला कच्चा माल ऐंशी-नव्वद रुपयांचा लागत असेल, तर ताट अडीचशेच्या खाली देऊन चालत नाही. उरलेल्या पैशातून लाकूड, गॅस, वीज, घरच्या बाईची मजुरी, वाया गेलेलं अन्न आणि न आलेल्या पाहुण्यांचे दिवस, हे सगळं भागवायचं असतं. घरच्या बाईची मजुरी तर कुणी धरतच नाही, आणि ती धरायला हवीच.

वाटा कोणत्या? बारावी कुठल्याही शाखेची चालते, पण इंग्रजी विषय असायला हवा. दादरची संस्था आणि देशभरातल्या तिच्यासारख्या संस्था यांची एकच राष्ट्रीय प्रवेश परीक्षा असते. तिला एनसीएचएम जेईई म्हणतात. तिच्यात आकडेमोड, तर्क, सामान्य ज्ञान, इंग्रजी आणि सेवाक्षेत्राचा कल पाहणारे प्रश्न असतात. पदवी तीन वर्षांची. दुसरी वाट राज्याची, चार वर्षांच्या बीएचएमसीटी पदवीची. तिची सीईटी राज्याचा सीईटी कक्ष घेतो. पुण्यात शिवाजीनगरला राज्य सरकारची संस्था आहे, मुंबई-ठाणे परिसरात खासगी कॉलेजंही आहेत. मुंबई विद्यापीठाची हॉस्पिटॅलिटी स्टडीजची बीएस्सीही तीन वर्षांची आहे. दहावीनंतर लगेच हाताला काम हवं असेल, तर आयटीआयमध्ये फूड प्रॉडक्शन आणि बेकर-कन्फेक्शनर असे एक वर्षाचे ट्रेड असतात. ते करून मोठ्या हॉटेलात अप्रेंटिस म्हणून लागता येतं, विद्यावेतन मिळतं आणि नंतर पदवीचं दार बंद होत नाही. घरची परिस्थिती बेताची असेल तर मी ही वाट आधी सुचवतो.

फीचा धसका घेऊ नका, पण आंधळेपणानेही जाऊ नका. राज्याच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या म्हणजे कॅपच्या फेरीतून प्रवेश घेतलेल्या, ज्यांचं कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे अशा ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय जुलै 2024 मध्ये झाला. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्ती आणि फी प्रतिपूर्ती आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवण्यासाठी स्वयम् योजना आहे. त्याची चौकशी शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करा. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली घरांतल्या मुलांना एक कळकळीचं सांगणं आहे: जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच टाका. बारावीच्या निकालानंतर धावाधाव करून ते वेळेत हाती येत नाही, आणि मिळालेली जागा हातची जाते.

आता या कामाची कडू बाजू. दहा-दहा तास उभं राहावं लागतं. दिवाळी, गणपती, एकतीस डिसेंबर, म्हणजे सगळ्या जगाची सुट्टी, तेव्हा हॉटेलात सगळ्यात जास्त काम. ब्रेक शिफ्ट नावाचा प्रकार असतो: सकाळी काम, दुपारी तीन-चार तास रिकामे, मग पुन्हा रात्रीपर्यंत काम. ज्याचं घर कसाऱ्याला किंवा धसईला आहे, त्याला त्या रिकाम्या तासांत घर गाठता येत नाही, म्हणून सुरुवातीची वर्षं मुंबईत खोली घेऊन राहावं लागतं. पहिला पगार मनासारखा नसतो. पहिल्या दोन वर्षांतच कितीतरी मुलं हे क्षेत्र सोडतात. जी टिकतात, त्यांची बढती मात्र बहुतेक कार्यालयांपेक्षा लवकर होते, कारण इथे हातातलं काम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं.

आणि ही मुलं हॉटेलातच राहतात असंही नाही. मोठ्या रुग्णालयांची स्वयंपाकघरं, विमानात जेवण पुरवणाऱ्या कंपन्या, रेल्वेचं खानपान, कारखान्यांची कॅन्टीनं, मॉल आणि रुग्णालयांची देखभाल, सगळीकडे हीच माणसं लागतात. मुरबाडच्या एमआयडीसीतल्या कॅन्टीनचा ठेका बाहेरच्यानेच घ्यावा असा काही नियम नाही.

परदेश आणि क्रूझ जहाजं यांचं आकर्षण मुलांना असतं, ते मी समजू शकतो. पण इथेच सर्वात जास्त फसवणूक होते. जहाजावर पाठवणाऱ्या एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा भरतीचा आरपीएसएल परवाना आहे का, आखातात पाठवणारा सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का, हे पैसे देण्याआधी तपासा. टुरिस्ट व्हिसावर चल, तिथे गेल्यावर बघू, असं कुणी म्हणालं तर तिथेच उठून घरी या.

ज्यांना गावातच काही उभं करायचं आहे त्यांच्यासाठी राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 पासून आहे, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. अन्न विकायचं तर एफएसएसएआयची नोंदणी हवीच. आणि दोन गोष्टी आपल्या मातीतून घ्या. पहिली, रानभाज्या. शेवळं जूनच्या पहिल्या पावसात उगवतात. ती नीट साफ केली नाहीत आणि त्यात काकड झाडाची फळं घातली नाहीत, तर घसा खाजतो. हे इथल्या आजीला ठाऊक असतं, पंचतारांकित शेफला नसतं. करटोली, भारंगी, टाकळा, बांबूचे कोंब यांची नोंद, माप आणि कृती लिहून ठेवणारा मुलगा कुठल्याही मोठ्या स्वयंपाकघरात वेगळा उठून दिसेल.

दुसरी गोष्ट पाण्याची. शहापूर परिसरातल्या तानसा, वैतरणा, भातसा या धरणांचं पाणी मुंबईला जातं आणि त्याच शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतात. अशा तालुक्यात पाण्याची उधळपट्टी करणारं रिसॉर्ट काढणं मला मान्य नाही. पाणी जपूनही हॉटेल चालवता येतं. हॉटेल व्यावसायिक विठ्ठल कामत यांनी 1997 मध्ये विलेपार्ल्याला ऑर्किड हॉटेल सुरू केलं, ते पर्यावरणपूरक हॉटेल म्हणून आशियात पहिलं इकोटेल प्रमाणपत्र मिळवणारं ठरलं. नळाला हवा मिसळणारी जाळी बसवणं, वापरलेलं पाणी शुद्ध करून पुन्हा वापरणं, पाहुण्याला विचारूनच चादरी-टॉवेल बदलणं, या गोष्टी आता अभ्यासक्रमाचा भाग आहेत, आणि त्यांची गरज मुंबईपेक्षा खर्डी-डोळखांबला जास्त आहे.

कॉलेज निवडायला जाल तेव्हा चकचकीत रिसेप्शन बघून भुलू नका. ट्रेनिंग किचन उघडायला सांगा. शेगड्या किती, मुलं किती, आठवड्यात प्रत्यक्ष किती वेळा चूल पेटते, ते विचारा. पदवी कुठल्या विद्यापीठाची, मान्यता कुणाची, याचा कागद मागा. इंडस्ट्रियल ट्रेनिंगला गेल्या वर्षीची मुलं कुठल्या हॉटेलांत गेली ती यादी बघा, आणि गेटबाहेर चहाच्या टपरीवर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं भेटतील, त्यांच्याशी पाचदहा मिनिटं बोला. मुलीसाठी जागा बघत असाल, तर रात्रपाळीनंतर घरी सोडायची गाडी आहे का आणि वसतिगृह किती लांब आहे, हे मुलीच्या देखतच विचारा.