यात्रेचा बिल्ला



या व्यासपीठावरून गेले काही दिवस आपण मोठमोठे विषय ऐकलेत. आमचा विषय मुठीत मावणारा आहे. प्रेक्षणीय स्थळी गेलेला माणूस आठवण म्हणून जे पदक किंवा जो बिल्ला विकत घेतो, ते जुने बिल्ले जमविण्याचा आम्हांला छंद आहे. “बाजारात जे चालत नाही ते साठवून काय करता?” असे घरचेच विचारतात. प्रश्न रास्त आहे. नाण्यामागे सरकार उभे असते. बिल्ल्यामागे ‘मी तेथे गेलो होतो’ एवढा एका माणसाचा शब्द असतो. आमच्या मते त्याची किंमत ती तेवढीच, आणि ती कमी नव्हे.

पॅरिसचा आयफेल मनोरा घ्या. १८८९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी तो उभारला. मे महिन्यात लोकांना वर सोडू लागले, तेव्हा लिफ्ट तयार नव्हती. २६ मे रोजी ती चालू होण्यापूर्वी सुमारे तीस हजार माणसे १,७१० पायऱ्या चढून माथ्यावर गेली! त्या वर्षीच्या पदकांवर एका बाजूस मनोरा आणि दुसऱ्या बाजूस ‘माझ्या आरोहणाची आठवण’ अशा अर्थाचा फ्रेंच मजकूर आहे. खुबी अशी की, पहिल्या मजल्याचे पदक निराळे, दुसऱ्याचे निराळे, माथ्याचे निराळे. म्हणजे पहिल्याच मजल्यावर दम लागून थांबलेल्या गृहस्थालाही खरे बोलण्याची सोय होती. मागाहून लिफ्टने गेलेलाही माथ्याचेच पदक मिरवी, हा भाग वेगळा. पदक काही पायऱ्या मोजीत नाही.

१८९३ च्या शिकागो प्रदर्शनात मात्र आमच्या व्याख्येची पंचाईत होते. (विवेकानंद ज्या सर्वधर्मपरिषदेत बोलले, ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती.) अमेरिकन सरकारने कोलंबसाची मुद्रा असलेला अर्धा डॉलर काढला आणि तो प्रदर्शनात पुऱ्या डॉलरला विकला. न खपलेली पुष्कळ नाणी पुढे दर्शनी किमतीलाच व्यवहारात गेली. आठवणीचे पुन्हा सुटे पैसे झाले! तेथेच उलटा प्रकारही चाले. साधा सेंट दोन रुळांमधून दाबून लांबट करीत आणि त्यावर प्रदर्शनाचे नाव उमटवीत. तो सेंट बाजारातून उठला तो कायमचा.

आपल्याकडे यात्रेकरू रामटंका आणीत. त्यावर एका बाजूस रामाचा दरबार, दुसरीकडे धनुर्धारी राम-लक्ष्मण. देव्हाऱ्यात त्याची पूजा होते, ती व्हावीच. आमची तक्रार आहे ती ‘ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा, १८१८’ असे छापून वर हनुमान बसविणाऱ्यांविषयी. ज्या नाण्याची ही नक्कल आहे, तो कंपनीचा अर्धा आणा १८३५ सालचा. आणि त्यावर देवाचे चित्र नव्हते. एक वृद्ध गृहस्थ असा एक तुकडा रेशमी फडक्यात गुंडाळून आमच्याकडे आले होते. चमत्कारी म्हणून त्यांना तो विकला गेला होता, आणि त्यासाठी त्यांनी पत्नीची पाटली मोडली होती. सत्य सांगताना आमची जीभ जड झाली. सांगितले. ते काही न बोलता फडके घडी करीत राहिले.

परंतु दुसऱ्यांना शहाणपण शिकविताना स्वतःची चूक लपवू नये. आयफेलचे एक काळवंडलेले पदक आमच्या हाती आले, तेव्हा आम्ही ते देवाच्या उपकरणीसारखे चिंच आणि रांगोळी लावून खसखसून घासले. लखलखीत झाले. मागे कोणी टोकदार वस्तूने कोरलेली दोन आद्याक्षरे होती. त्यांतले एक पुसून गेले. चढणाऱ्याचे अर्धे नाव आम्ही मोरीत ओतले.

ते पदक या टेबलावर डावीकडून तिसरे आहे. व्याख्यानानंतर आपण जवळ येऊन अवश्य पाहावे. हातात घ्यायचे तर कडेने धरावे.