दट्ट्याचं तेल



कवीला नभोवाणीवर बोलावलं की तो पावसावर बोलेल, आईवर बोलेल, फार तर गझलेवर बोलेल, अशी ऐकणाऱ्यांची समजूत असते. मी आज तेलावर बोलणार आहे. तेही फोडणीच्या नाही आणि डोक्याच्याही नाही. बँडमधल्या ट्रम्पेट, कॉर्नेट, युफोनियम अशा पितळी वाद्यांच्या दट्ट्यांना जे तेल घालतात, त्या तेलावर. एवढ्याशा बाटलीवर पंधरा मिनिटं काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण या तेलापायी आमच्या घरात एकदा चूल थंड पडता पडता राहिली आहे, आणि परवा त्याच तेलावरून घरात पुन्हा वाद झाला. म्हणून बोलतो.

माझे अब्बा बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचे. सांगली जिल्ह्यातलं आमचं गाव. तुळशीची लग्नं लागली की बँडवाल्यांच्या सुपाऱ्या सुरू व्हायच्या. हल्ली सुपारी म्हटलं की माणसं दचकतात. आमच्याकडे सुपारी म्हणजे लग्नाचं ठरलेलं काम. कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत जे मिळायचं, त्यावर पावसाळा काढायचा. मी बी. ए. झालो तो त्या कॉर्नेटच्या श्वासावर. कॉर्नेट मेरठचं. मेरठची जली कोठी म्हणजे बँडच्या वाद्यांची पंढरीच. तिथली नादिर अली कंपनी १८८५ सालची. आपल्याकडच्या किती वरातींमधली वाद्यं तिथून आली असतील, त्याची गणती नाही.

१९८० च्या डिसेंबरातली गोष्ट. मी दहा वर्षांचा होतो. दुसऱ्या दिवशी सकाळचा मुहूर्त होता. रात्री अब्बांनी कॉर्नेट पुसून ठेवलं आणि ते झोपले. त्यांचा एक दट्ट्या जरा जड चालतो, हे मी ऐकलं होतं. मदत करावी म्हणून मी अम्मीची खोबरेलाची बाटली घेतली आणि तिन्ही दट्ट्यांवर सढळ हातानं तेल ओतलं. चुलीजवळ बसलो होतो, तेल पातळ होतं, दट्ट्या झकास खालीवर व्हायला लागले. मी खूश होऊन झोपलो.

आता थंडीत खोबरेल तेलाचं काय होतं, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. चोवीस अंशांच्या खाली ते थिजायला लागतं. पहाटे ट्रकच्या हौद्यात बसून मंडळी लग्नगावी पोचली, नवरदेव मारुतीच्या देवळातून घोड्यावर बसून निघाला, अब्बांनी कॉर्नेट ओठाला लावलं आणि मधला दट्ट्या खाली गेला तो वर येईना. मधला दट्ट्या दाबला की सूर अर्ध्या पट्टीनं खाली उतरतो. म्हणजे सगळा बँड एका सुरात आणि माझे अब्बा त्याच्या अर्धा सूर खाली. दोन ओळी वाजवून त्यांनी कॉर्नेट खाली घेतलं आणि दिवसभर झांजा वाजवल्या. पार्टीच्या मालकानं त्या दिवसाची मजुरी दिली नाही. पुढच्या दोन सुपाऱ्यांनाही दुसरा वाजवणारा नेला.

अब्बा घरी आले, दट्ट्या काढून बघितला, वास घेतला. सगळं कळलं त्यांना. मला वाटलं, आता मार बसणार. ते एवढंच म्हणाले, "बेटा, ये तेल बालां को लगाते. पिष्टन को नै."

मग पिष्टनला कुठलं लावायचं? हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

आधी हा दट्ट्या करतो काय ते सांगतो. बिगुल तुम्ही पाहिलं असेल. त्याला दट्ट्या नसतो, त्यामुळे मोजकेच सूर निघतात. सैन्याला उठवायला ते पुरतात, गाण्याला पुरत नाहीत. जर्मनीत श्टोल्झेल आणि ब्ल्यूमेल या दोघांनी १८१८ साली बर्लिनमध्ये व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं आणि पितळी वाद्यांचं नशीब पालटलं. दट्ट्या दाबला की हवेला थोडा लांबचा वळसा घ्यावा लागतो; नळी लांबली की सूर उतरतो. पहिला दट्ट्या पूर्ण सुरानं उतरवतो, दुसरा अर्ध्यानं, तिसरा दीडानं. या तिघांच्या जोडण्या करून सगळे सूर मिळतात. आज आपण पाहतो त्या घडणीचा दट्ट्या १८३० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये पेरिने या कारागिरानं बसवला. 'अलबेला' हा १९५१ चा चित्रपट ज्यांनी पाहिलाय, त्यांना सी. रामचंद्रांच्या संगीतातला ट्रम्पेट आठवत असेल. त्यांचे साहाय्यक चिक चॉकलेट, म्हणजे गोव्याचे अंतोनियो झेवियर वाझ, हे नामांकित ट्रम्पेटवाले. त्या झरझर सुरांमागेही हेच तीन दट्ट्या.

दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी असते. साधारण केसाच्या जाडीएवढी, किंवा त्याहून कमी. त्या फटीत तेलाला तीन कामं एकदम करायची असतात. एक, धातूवर धातू घासू द्यायचा नाही. दोन, फट बुजवून हवा गळू द्यायची नाही. तीन, फुंकरीतल्या ओलाव्यापासून धातू राखायचा. नाहीतर पितळेवर हिरवा कळंक चढतो. ताक पितळेच्या भांड्यात ठेवलं की कळकतं, हे आपल्या आयाबायांना शिकवावं लागत नाही. वाद्याचंही तसंच.

आता घरगुती उपाय एकेक घेऊ. पहिला, थुंकी. फुकटची आणि कायम हाताशी. पण ती सुकली की मागे चिकटा ठेवते, आणि वाजवणाऱ्यानं नुकतीच जिलेबी खाल्ली असेल किंवा तोंडात पान असेल, तर विचारूच नका. दुसरा, रॉकेल. आमच्या गावात बहुतेक बँडवाले हेच वापरायचे. रॉकेलनं जुना मळ सुटतो, त्यामुळे घटकाभर दट्ट्या पळतो. पण ते लवकर उडून जातं आणि मग कोरडा धातू धातूवर घासतो. वर त्याची वाफ वाजवणाऱ्याच्या नाकातोंडात जाते ती वेगळीच. तिसरा, शिलाई मशीनचं तेल. खोबरेलाच्या प्रकरणानंतर अब्बा माझ्या शिंपीकाम करणाऱ्या मामूंकडून हेच आणायचे. हे त्यातल्या त्यात बरं. थिजत नाही, चिकटत नाही. पण नव्या, घट्ट बसलेल्या दट्ट्याला ते जड पडतं. खोबरेलाविषयी तर सांगून झालंच. कुठलंही खायचं तेल वाद्यात घालू नये. थंडीत थिजलं नाही, तरी दिवसांनी चिकट होतं.

यासाठी खास तेल मिळतं, त्याला व्हॉल्व्ह ऑइल म्हणतात. त्यात मुख्यतः दोन जाती. एक खनिज तेलाची. 'अल कॅस', 'ब्लू ज्यूस' ही त्यातली जुनी नावं. हे पातळ, चपळ, पण लवकर उडतं, म्हणून जवळजवळ रोज घालावं लागतं. दुसरी जात कृत्रिम, म्हणजे सिंथेटिक तेलाची. ते जास्त दिवस टिकतं आणि त्याचा थर धातूवर बसून राहतो, म्हणून वाद्य चार दिवस पेटीत राहिलं तरी दट्ट्या अडत नाही. मात्र दोन जातींची सरमिसळ करू नये. काही वेळा त्यांचा मिळून गाळ होतो. जात बदलायची तर आधी वाद्य धुऊन काढावं.

आणि जातीपेक्षाही महत्त्वाचा आहे जाडपणा. यामाहा कंपनीच्या तेलात लाइट, रेग्युलर आणि व्हिंटेज असे प्रकार आहेत. हेटमनच्या बाटल्यांवर एक, दोन, तीन असे आकडे असतात. पातळ तेल नव्या, घट्ट दट्ट्यासाठी. मधलं, काही वर्षं वाजलेल्या वाद्यासाठी. जाड तेल, झिजलेल्या जुन्या वाद्यासाठी. परवाचा वाद झाला तो नेमका इथेच.

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा पोलीस बँडच्या भरतीची तयारी करतोय. नवं वाद्य घेण्याची ऐपत नाही, म्हणून त्यानं अब्बांचं कॉर्नेट ट्रंकेतून काढलं. अब्बा जाऊन बरीच वर्षं झाली. पोरानं ऑनलाइन शोधून सगळ्यात पातळ, सगळ्यात वेगवान म्हणून जाहिरात केलेलं तेल मागवलं. दट्ट्या पळायला लागले, पण सूर फुसका. वरचे सूर लागेनात, दम पुरेना. तो म्हणाला, "मोठे अब्बा, कॉर्नेट संपलं. भंगारात घाला." भाऊ म्हणाला, पोराचाच दम कमी. घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोलेना.

शेवटी मी आणि पोरगा वाद्य घेऊन एका जुन्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यानं एक साधी परीक्षा केली, ती तुम्हीही करू शकता. पहिल्या दट्ट्याची बाजूची वळणनळी त्यानं दट्ट्या न दाबता जराशी बाहेर ओढली, पाच-सहा सेकंद थांबला आणि मग दट्ट्या दाबला. दट्ट्या घट्ट असेल तर आत कोंडलेली ओढ सुटून 'पॉप' असा आवाज येतो. आमच्या कॉर्नेटनं आवाज केला नाही. हवा फटीतून आधीच शिरली होती. दुरुस्तीवाला म्हणाला, "चाळीस वर्षं वाजलेला दट्ट्या आहे. झिजलाय. याला पळणारं तेल नको, फट भरणारं तेल पाहिजे."

आम्ही वाद्य धुतलं. कोमट पाणी आणि भांड्यांचा सौम्य साबण. फार गरम पाण्यानं वरचा लॅकर उडतो. मलमलीच्या मऊ फडक्यानं दट्ट्या पुसले, धागा मागे राहू दिला नाही. जाड तेलाचे पाच-सात थेंब दट्ट्याच्या अंगावर सोडले आणि तो ज्याच्या त्याच्या नळीत, खाचेला खाच जुळवून सरळ बसवला. दट्ट्यांवर एक, दोन, तीन असे आकडे असतात. त्यांची अदलाबदल चालत नाही. खालच्या टोपणाच्या भोकातून तेल ओतायची कित्येकांना सवय असते. तसं केलं की तळाचा मळ तेलाबरोबर दट्ट्यावर चढतो. वळणनळ्यांना मात्र हे तेल नको, तिथे ग्रीस लागतं, तेही बेतानं. फ्रेंच हॉर्नचे फिरते व्हॉल्व्ह आणि ट्रॉम्बोनची सरकती नळी यांचं तेल पुन्हा निराळं, ते इथे वापरू नये.

एक गोष्ट आयांसाठी सांगतो. ही बाटली लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. पातळ खनिज तेल पोटात जाताना श्वासनलिकेत उतरलं, तर फुप्फुसाला गंभीर इजा होते. मुलानं प्यायलंच, तर त्याला उलटी करायला लावू नका, थेट दवाखाना गाठा. आणि वाजवणाऱ्यांनी वाजवण्याआधी पाण्यानं खळखळून चूळ भरावी. हे सगळ्यात स्वस्त तेल आहे.

तेल बदलल्यावर कॉर्नेट नवं झालं, असं मी सांगणार नाही. झिजलेला धातू तेलानं परत येत नाही. कधीतरी दट्ट्यांवर नवा मुलामा चढवून ते पुन्हा बसवून घ्यावे लागतील, आणि त्याला पैसे लागतील. पण सूर भरला. वरचे सूर लागले. पोरगा रोज पहाटे गच्चीवर जाऊन वाजवतो आणि शेजाऱ्यांनी अजून तक्रार केलेली नाही. भरतीत काय होईल ते होवो. निदान वाद्यापायी तो मागे राहणार नाही.

माझा भाऊ परवा गच्चीवर गेला. पोराच्या हातातून कॉर्नेट घेऊन त्यानं मधला दट्ट्या दाबून पाहिला. दट्ट्या वर आला. त्यानं पुन्हा दाबला, पुन्हा वर आला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "भाईजान, खोबरेल तर नाही ना घातलंत?"

म्हणजे अब्बांनी ही गोष्ट त्यालाही सांगितली होती. मला मात्र ते उभ्या आयुष्यात पुन्हा एकदाही त्यावरून बोलले नाहीत.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)