पाण्यातली ठेव

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर महाशिवरात्रीच्या आदल्या संध्याकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



उद्या महाशिवरात्र. म्हणजे आज आपल्या बहुतेक घरांत शिंगाड्याच्या पिठाचा पुडा येऊन पडला असणार. दिवाळीनंतर खार स्टेशनबाहेर टोपलीत काळे, उकडलेले शिंगाडे येतात, तेही आपण सोलून खातो. पण हे फळ येतं कुठून, हा विचार सहसा कोणी करत नाही. बी विंगमधल्या तिसरीतल्या एका मुलीने मात्र मला लिफ्टमध्ये विचारलं, "आजोबा, शिंगाड्याला शिंगं कशाला?" उत्तर द्यायला गेलो आणि नोकरीतली एक जुनी गोष्ट आठवली. ती सांगण्यासाठीच आज उभा आहे.

आधी शिंगांचं सांगतो. शिंगाडा हा डाळिंब आणि मेंदीच्या कुळातला. पाण्यावर तरंगणारी वेल, देठात हवेच्या फुगीर पिशव्या. फुलाच्या पाकळ्यांखाली हिरवी निदलं असतात, तीच पुढे कडक होऊन शिंगं बनतात. रानटी शिंगाड्याचं फळ पिकलं की गळतं आणि तळाशी जातं. तिथे ही टोकदार शिंगं गाळात रुततात आणि बी जागेवर राहतं. दांड्याच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला हे समजायला अवघड नाही. होडीचा नांगर करतो तेच काम.

पण बाजारातला शिंगाडा रानटी नव्हे. तो माणसाळलेला आहे. गाय-बैल माणसाळले तशा वनस्पतीही माणसाळतात. भाताचं उदाहरण घ्या. रानटी भाताचा दाणा पिकला की झडून जातो. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच, पण आपल्या हाती काय लागणार? 2006 साली शास्त्रज्ञांनी भातातलं एक जनुक शोधलं. त्यात एका अक्षराचा बदल झाला की दाणा कणसाला धरून राहतो. बदल आपोआप होतो, माणूस तो घडवत नाही. माणूस फक्त त्या रोपाचं बी निवडतो आणि पुढच्या वर्षी तेच पेरतो. शेकडो पिढ्यांची ही निवड म्हणजे माणसाळवणं.

शिंगाड्यात निवड झाली ती मुख्यतः फळाच्या आकाराची. चीनमध्ये तिआनलुओशान नावाच्या ठिकाणी उत्खननात सुमारे 7000 ते 6300 वर्षांपूर्वीचे शिंगाडे मिळाले. त्यांची मापं घेतली तेव्हा ते रानटी फळांपेक्षा मोठे निघाले. म्हणजे तेव्हाही कोणीतरी मोठं फळ बियाण्यासाठी बाजूला ठेवत होतं! पुढे 2022 साली चिनी संशोधकांनी शिंगाड्याचा संपूर्ण जीनोम, म्हणजे त्याची सगळी आनुवंशिक खातेवही, वाचून प्रसिद्ध केली. साध्या शिंगाड्यात 48 गुणसूत्रं असतात. दोन रानटी जातींचा संकर होऊन तयार झालेल्या दुसऱ्या एका जातीत 96. तिथला लागवडीचा शिंगाडा यांगत्से नदीच्या खोऱ्यात 48 गुणसूत्रांच्या रानटी जातीतून निवडत निवडत आला, असं त्यात दिसलं.

आता माझी गोष्ट. 1984 ते 87 मी भंडारा जिल्ह्यात एका शाखेचा मॅनेजर होतो. गोंदिया तेव्हा त्याच जिल्ह्यात होतं. तो तलावांचा मुलूख. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले तलाव आहेत, माजी मालगुजारी तलाव आहेत, त्यांना तिकडे 'मामा तलाव' म्हणतात. या तलावांत ढिवर मंडळी मासे धरतात आणि शिंगाडाही लावतात. ना नांगर, ना बैल. पावसाळ्यात कंबरभर पाण्यात उतरायचं, वेल पायाच्या अंगठ्यात धरायची आणि गाळात रोवायची. भाद्रपद-आश्विनापासून तोडणी सुरू होते.

एक म्हातारे ढिवर गृहस्थ शाखेत आले. सगळे त्यांना बाबाजी म्हणत. त्या वर्षी पाऊस लवकर गेला होता. त्यांचा तलाव उन्हाळ्याआधीच आटणार हे दिसत होतं. रोप जगवण्यासाठी दुसऱ्या खोल तलावाचा तुकडा ठेक्याने घ्यायचा होता. मागणी तीन हजार रुपयांची. मी सातबारा मागितला. तो नव्हता. तारण विचारलं. म्हणाले, "बी हाय जी, घरामागच्या खड्ड्यात." मी शहाणपणा केला. म्हटलं, "मग बी वाळवून पोत्यात भरून ठेवा, पुढच्या वर्षी पाहू."

ते हसले नाहीत. इतकंच म्हणाले, "सायेब, हे बी सुकलं का मेलं. याले पान्यातच ठेवा लागते जी."

आणि तेच खरं होतं. ज्वारी, तांदूळ, हरभरा, सगळं बी वाळवून टिकतं. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहावर 2008 पासून जगभरची बियाणी उणे 18 अंशांत ठेवली आहेत, ती वाळवूनच. शिंगाड्याचं बी वाळलं की त्याची उगवण जाते. तोडणीतली पूर्ण पिकलेली, मोठी फळं निवडायची, मडक्यात किंवा खड्ड्यात पाण्याखाली ठेवायची, पाणी बदलत राहायचं, कोंब फुटले की उथळ पाण्यात टाकायची आणि पावसाळ्यापर्यंत वेल जगवायची. एक वर्ष चुकलं की खातं बंद. आम्ही बँकेत ठेवीचं नूतनीकरण म्हणतो, ते इथे दरवर्षी सक्तीचं.

अर्जावर मी 'तारण अपुरे' असा शेरा मारला. नियमाप्रमाणे तो बरोबर होता. बाबाजींनी त्या उन्हाळ्यात खड्ड्यातलं बी उकडून बाजारात विकलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या गावाहून बी आणलं आणि पीक घेतलं. माझ्या बदलीच्या आधी भेटले तेव्हा त्यांनी त्यातले मूठभर शिंगाडे माझ्या हातावर ठेवले. मी चांगले आहेत म्हटलं. ते म्हणाले, "आमचा पातळ सालीचा होता. नखानं निघे." त्यांच्या आजोबांपासून चालत आलेला. तक्रारीचा सूर नव्हता. त्यामुळेच ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही.

तेव्हा मला वाटलं होतं, शिंगाडा काय, एक गेला दुसरा आला. आता थोडं वाचल्यावर कळतं की पातळ साल हा त्या घराने तीन पिढ्या निवडून जमवलेला गुण होता. आज जीनोम वाचता येतो, पण तीन हजार रुपयांसाठी जे वाण पाण्याबाहेर गेलं ते वाचायलाही शिल्लक नाही. माणसाळलेली वनस्पती आपल्या भरवशावर असते. रानटी शिंगाडा गाळात स्वतःची सोय करतो. बाबाजींच्या शिंगाड्याची सोय बाबाजींनीच करायची होती, आणि बाबाजींची सोय थोडीफार माझ्या हातात होती.

तर त्या मुलीच्या प्रश्नाचं पुढे काय झालं? डिसेंबरात आम्ही दोघांनी बाजारातून कच्चे, पूर्ण पिकलेले सात शिंगाडे निवडून आणले आणि पाण्यात ठेवले. गच्चीवर टब ठेवायला सेक्रेटरीसाहेबांनी आधी साफ नकार दिला, डेंग्यूच्या डासांमुळे. त्यांचंही बरोबर. शेवटी टबात गप्पी मासे सोडायच्या अटीवर परवानगी मिळाली, तीही लेखी! सातांपैकी दोघांना कोंब आले आहेत. पाणी बदलायची पाळी तिची आणि माझी, आलटून पालटून. मी गावाला गेलो तर कोण बदलणार, हे तिने आधीच ठरवून वहीत लिहून ठेवलं आहे. ही अक्कल मला पस्तिसाव्या वर्षी नव्हती.

उद्या थालीपीठ खाताना एवढंच आठवा, की त्या पिठामागे कुणाच्या तरी घरामागचा एक ओला खड्डा आहे. आणि परवा जमलं तर गच्चीवर या. टब पाहून जा, पण झाकण लावायला विसरू नका.