वायरीकडून की तोंडाकडून?

आम्ही चौघी अँटॉप हिलच्या. आधी शिवणकाम करायचो, आता वडाळा ट्रक टर्मिनलजवळच्या एका गॅरेजात ट्रकचं वायरिंग करतो.

इंजिनाला डिझेल किती द्यायचं, कधी द्यायचं, हे आता एक पेटी ठरवते. तिला ईसीएम म्हणतात. एक्सिलरेटरच्या पॅडलपासूनही तिच्याकडे नुसत्या वायरी जातात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, तशी सेन्सरांची गर्दी आणखी वाढली. पावसाचं पाणी कपलरमध्ये शिरलं किंवा उंदरानं वायर कुरतडली, की गाडी जागच्या जागी उभी.

पहिल्याच वर्षी आमच्या हातून मोठी चूक झाली. ईसीएमचा गंजलेला कपलर बदलायचा होता. जुना काढण्याआधी वहीत त्याचं चित्र काढलं, पिनांना नंबर दिले. पण चित्र काढलं वायरी आत शिरतात त्या बाजूनं, आणि नव्यात वायरी भरल्या तोंडाकडून बघून. डावं ते उजवं झालं. ब्लाऊजची उलट-सुलट बाजू अंधारात ओळखणाऱ्या आम्ही! ट्रकची बॅटरी २४ व्होल्टची, सेन्सरला लागतात ५. पाचाच्या जागी चोवीस गेले. चावी फिरवली, धूर नाही, आवाज नाही, पेटी मात्र गेली. ड्रायव्हरदादा ओरडले नाहीत. भाडं बुडालं, दोन रात्री गाडीतच झोपले. तेच आम्हाला जास्त लागलं. पेटीचे पैसे तीन महिने पगारातून कापून दिले.

आता प्रत्येक चित्रावर आधी लिहितो, ‘वायरीकडून’ किंवा ‘तोंडाकडून’. मग कपलरवर बारीक अक्षरात छापलेला पिन नंबर, वायर कुठून येते, कुठे जाते. रंग लिहितो तो रेघेसकट: लाल वायर, पिवळी रेघ. पण रंगावर विसंबत नाही. आधीच्या कोणी हाताला लागेल त्या रंगाचा तुकडा जोडलेला असतो. मोबाईलवर फोटोही काढतो, पण त्यात काळी आणि तपकिरी सारखीच दिसते.

वेणीसारख्या पिळलेल्या दोन वायरी दिसल्या, तर त्यांचा पीळ सोडत नाही. त्यांवरून पेट्या एकमेकींशी बोलतात. पिळामुळे बाहेरचा विजेचा त्रास दोन्ही वायरींना सारखाच होतो आणि निरोप बिघडत नाही. बॅटरी काढून त्या दोघींमध्ये मीटर लावला, तर बहुतेक गाड्यांत साठ ओहमच्या आसपास दाखवतो. एकशेवीस आले, तर एका टोकाला काहीतरी तुटलंय.

कपलर पेटीला लावण्याआधी एक जण वही वाचते, दुसरी मीटर लावते, तिसरी खूण करते. चौथी काहीच करत नाही, फक्त बघते. चुका तीच जास्त पकडते.