तळ्याकडे न जाण्याचं भाषण

मागच्या भागाखाली बऱ्याच जणांनी लिहिलं होतं की लढाऊ नेत्यांच्या वक्तृत्वावर एकदा बोला, मॅल्कम एक्सवर बोला. बोलूया. पण आपण बंगळुरूत बसलोय. विधान सौधासमोरून जाणाऱ्या रस्त्याला आंबेडकर वीधी म्हणतात, आणि बाबासाहेबांचा पुतळाही तिथेच आहे. आपल्याच भाषेत हजारोंपुढे बोललेला हा माणूस सोडून थेट अमेरिकेला जाणं मला पटेना.

बाबासाहेबांचं भाषण आज आपल्यापर्यंत कसं पोहोचतं? तीस सेकंदांच्या रीलमधून. मागे ढोल, पुढे एक धारदार वाक्य. येवल्याचं 13 ऑक्टोबर 1935 चं भाषण, हिंदू म्हणून मरणार नाही हे सांगणारं, सगळ्यांना माहीत असतं. पण ते वाक्य पटावं म्हणून आधी काय काय रचलं होतं, ते रीलमध्ये मावत नाही.

म्हणून आज महाड. डिसेंबर 1927. मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर लोकांनी मार खाल्ला होता. नंतर सवर्णांनी तळ्याचं ‘शुद्धीकरण’ही केलं. आता सत्याग्रहासाठी हजारो माणसं पुन्हा आली होती. गावात मंडपाला जागा मिळेना, तेव्हा एका मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली.

25 डिसेंबरच्या भाषणात ते आधी विरोधकाचीच बाजू घेतात. तळ्याचं पाणी प्यायलो नाही म्हणून आपण मेलो नव्हतो, आणि प्यायलो म्हणून अमरही होणार नाही, असा त्यांचा मुद्दा. झालं, ‘तुम्हाला काय पाण्याची टंचाई आहे?’ हा टोमणाच संपला. मग प्रश्न उरतो की आपण इथे आलोच कशाला? माणूस म्हणून बरोबरीचे आहोत हे ठरवायला. आता हे उत्तर ऐकणाऱ्यालाच सुचायला लागलेलं असतं! कोर्टात उभं राहण्याची सवय असलेल्या बॅरिस्टरची ही रीत आहे: प्रतिपक्षाला जेवढं देता येईल तेवढं देऊन टाकायचं, म्हणजे उरतं ते नाकारता येत नाही.

आणि मग ते थेट फ्रान्सला जातात. 1789, व्हर्साय, तिथली राष्ट्रीय सभा. समोर बहुसंख्य निरक्षर माणसं, मंडप कोकणातला. आजचा एखादा सल्लागार म्हणाला असता, साहेब, जरा सोपं करा. त्यांनी विषय सोपा केला नाही, भाषा सोपी ठेवली. तुमची ही सभा त्या सभेच्या तोडीची आहे, असं ऐकणाऱ्याला सांगणं हाच मोठा मान होता. लोकांच्या ‘पातळीवर उतरून’ बोलणारे पुढारी आपण खूप पाहतो. मला तो शब्दप्रयोगच आवडत नाही.

त्याच रात्री मनुस्मृती जाळली गेली. मंडपात आता उत्साह मावेना. पण आधीच कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम आला होता, कारण तळं खाजगी मालकीचं आहे असा सनातन्यांचा दावा होता. कलेक्टरनेही मंडपात येऊन समजावलं. लोक ऐकेनात, तुरुंगात जायला माणसं तयार होती. आता त्यांना थांबवायचं कसं? ज्याने पेटवलं त्यानेच विझवायचं, आणि तरी कुणी खाली मान घालून घरी जाता कामा नये.

इथे खरं वक्तृत्व दिसतं. तुम्ही घाबरलात असं ते कुठेही सुचवत नाहीत. उलट धैर्य गृहीत धरतात. मग हिशेब मांडतात: सवर्णांशी लढाई चालूच आहे, आज हुकूम मोडला तर त्याच वेळी सरकारशीही लढावं लागेल. ही ताकद वाया का घालवायची? सत्याग्रह तहकूब झाला. पण लोक तसेच पांगले नाहीत, मिरवणूक काढून गावातून फिरले. न्यायालयातला निकाल हाती यायला 1937 उजाडलं. मुंबई उच्च न्यायालयात सनातनी हरले.

मॅल्कम एक्सचं 3 एप्रिल 1964 चं क्लीव्हलँडचं भाषण ऐका, ध्वनिमुद्रण आहे. तोही सुरुवातीलाच एक अडचण बाजूला करतो: मी इथे माझ्या धर्मावर बोलायला आलेलो नाही, आपलं दुखणं एकच आहे. मग मतपत्रिका आणि गोळी हे दोन शब्द पुन्हा पुन्हा फिरून येतात, श्रोते साद देतात, लय चढत जाते. बाबासाहेबांकडे ही लय कमी, साखळी जास्त. एक कडी निसटली तर पुढचं कळणार नाही, अशी बांधणी. 1936 च्या मे महिन्यात मुंबईत धर्मांतरावर बोलताना ते लांबलचक भाषण आधी लिहून काढतात, आणि धर्मांतर म्हणजे पोरखेळ नव्हे हे सांगायला प्रवासाआधी तयारी करणाऱ्या तांडेलाचा दाखला देतात. एवढ्या तर्कात एकच चित्र, पण नेमकं. मुंबईतल्या माणसाला तांडेल समजावून सांगावा लागत नाही.

रील बघणाऱ्यांना एकच विनंती. महाराष्ट्र शासनाच्या ‘लेखन आणि भाषणे’ मालेतला अठरावा खंड तीन भागांत आहे, त्यात त्यांची मराठी भाषणं आहेत. महाडला जमलेल्या बायकांपुढे ते लुगडं नेसण्याची पद्धत, अंगावरचे दागिने, मुलींची शाळा यांवर बोलले, तेही शोधून वाचा. पुढच्या भागात आपण त्याच भाषणावर बोलणार आहोत, तेव्हा वाचून या.